माहेरचे बॉक्स

गाण्याच्या यंत्रातली कोणती वस्तू यंदा बदलायची यावर आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं, आणि मत देणाऱ्यांपैकी एकालाही कान नव्हते. नवरा म्हणे, ॲम्प्लिफायर बदल. शेजारचे गुरुजी म्हणत, वायर बदला, सगळी करामत वायरीत राहते. सासूबाई म्हणत, काही बदलू नका, आहे ते विका आणि एक चांगलं कपाट आणा. गाणं ऐकणारी घरात मी एकटी. रविवारी सकाळची कामं उरकायची, समोरच्या खोलीचं दार लोटायचं आणि दीड तास कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही, हा माझा नेम. पण माझं मत कोणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं, हीच तर सगळी बोंब आहे.

मी चिमूरला दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर कानात नळ्या घालून लोकांच्या छातीचे ठोके ऐकते, गरोदर बायांच्या पोटातल्या लेकरांचे ठोके शोधते. म्हणून म्हणा, की माहेरी पहिल्यापासून गाण्याचं वेड होतं म्हणून म्हणा, आवाजातलं मला कळतं. आमच्या वस्तीत जयंतीच्या आठ दिवस आधीपासून कर्णे वाजायचे. कोणत्या खांबावरचा कर्णा फाटला आहे, हे मी अंगणात भांडी घासता घासता सांगायचे. माझा मोठा भाऊ शिडी घेऊन जायचा, बघायचा, आणि तोच फाटलेला निघायचा. तेव्हापासून भाऊचा माझ्या कानावर फार भरवसा. गावात कोणालाही सांगायचा, "हिचा कान पाहा, मशीन आहे मशीन."

भाऊ सुतारकाम करतो. पोंभुर्ण्याकडे आमचं गाव आहे, तिथेच. आमच्या घराण्यात कोणी रंधा हातात धरला नव्हता. हा लाकडाच्या डेपोत हमालीला जायचा, तिथे मिस्त्री लोकांचं बघून बघून शिकला. वडील गेल्यावर माझं नर्सिंग त्याच्या पटाशीवर झालं, हे मी कधी विसरले नाही, आणि न विसरण्याचा मोठा तोटा झाला.

आमच्या भागात मुलीच्या लग्नात सागवानाचा दिवाण देतात. जंगल दाराशी आहे, तेव्हा भावानं सागवान दिलं नाही म्हणजे काही दिलंच नाही. माझं लग्न ठरलं तसं भाऊनं विचारलं, "दिवाण पायजे का दुसरं काही?" मी म्हटलं, "गाणे ऐकाचे बॉक्स पायजे." तो असा खूश झाला की काय सांगू. डेपोच्या लिलावातून लाकूड घेतलं. तीन महिने दिवसा दुसऱ्यांची दारं-खिडक्या आणि सकाळी उजाडल्यापासून कामावर जाईपर्यंत माझे बॉक्स. एक खिळा मारला नाही, सगळं खाचा पाडून बसवलं. आत घालायचे स्पीकर चंद्रपूरहून आणले. माझ्या कमरेइतके उंच झाले ते बॉक्स. तेल पाजून असे चमकवले होते की वस्तीतल्या बाया हात लावून जायच्या.

टेम्पोत घालून घेऊन येताना वनखात्याच्या नाक्यावर त्याला अर्धा दिवस बसवून ठेवलं. एवढं सागवान, ते याच्यासारख्याकडे, म्हणजे चोरीचंच असणार, हे त्या गार्डानं तोंड बघून ठरवलेलं. भाऊनं लिलावाचा कागद दाखवला. मागच्या फळीवर डेपोच्या हातोड्याचा शिक्का मुद्दाम रंधून न काढता तसाच ठेवला होता, तो दाखवला. "शिक्क्याचा माल आहे साहेब," म्हणत उभा राहिला. संध्याकाळी सोडलं. आजही त्या गार्डाचा विषय निघाला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

आता यातली चूक सांगते. ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. आमच्यात दार सागवानाचं, पलंग सागवानाचा, पाट-लाटणं सागवानाचं. चांगली वस्तू म्हणजे सागवान, यापलीकडे कोणाचं डोकं चालतच नाही. पण आवाजाच्या बॉक्सची फळी मुकी पाहिजे. आतला स्पीकर वाजला पाहिजे, फळी वाजता कामा नये. दुकानातले बॉक्स असतात ते दाबलेल्या भुशाच्या फळीचे, आमच्याकडे ज्याला कोणी हात लावणार नाही असे, आणि तेच बरोबर असतात. सागवानाची कोरडी फळी स्वतःच वाजते. वरून आमच्याकडचा मे महिना. लाकूड आटतं, सांधे उघडतात. पावसाळ्यात फुगतं, पुन्हा बसतं, पण आधीसारखं नाही. भाऊनं माप घेतलं होतं ते जयंतीच्या मिरवणुकीतल्या बॉक्सचं. बारा बाय दहाच्या खोलीत ते मिरवणुकीचे बॉक्स.

हे सगळं मी नंतर मोबाइलवर वाचून शिकले. पण आवाज खराब आहे हे मला पहिल्याच दिवशी पहिल्याच मिनिटाला कळलं. तबला लागला आणि डग्ग्याचा प्रत्येक ठोका एकच, घुम्म. गाणारी बाई धान्याच्या कोठीत तोंड घालून गात असल्यासारखी. खोलीत सासरची पंधरा माणसं. सासूबाई आधीच म्हणून चुकल्या होत्या, "दिवाण नाई देल्ला भावानं? खोके देल्ले?" दाराशी भाऊ उभा, नाक्यावरच्या उन्हानं काळवंडलेला, डोळे माझ्या तोंडावर लावून. त्यानं विचारलं, "कसा वाजते?"

मी म्हटलं, "मस्त."

माहेरच्या वस्तूला सासरच्या माणसांसमोर नाव ठेवणारी बाई मला दाखवा. नाही सापडणार. माहेरची साडी विटली तरी आपण म्हणतो रंगच तसा आहे. मी म्हटलं मस्त, आणि चौदा वर्षं म्हणत राहिले. धानाची कापणी झाली की भाऊ दरवर्षी नवा तांदूळ घेऊन येतो. चप्पल काढायची, आधी समोरच्या खोलीत जायचं, बॉक्सवर हात ठेवायचा आणि विचारायचं, "कसा वाजते?" मी चहाचं आधण ठेवता ठेवता आतूनच ओरडायचे, "मस्त!"

आणि मग उरलेलं वर्षभर मी चडफडायचे. पहिलं काय बदललं, तर प्लेअर. स्वतःलाच पटवलं की प्लेअरच स्वस्तातला आहे. नवा आणला, घुम्म तसंच. मग लाइट कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर. मग गुरुजींच्या नादानं जाड वायर. खोलीत चटई टाकली, पडदे लावले, बॉक्सखाली विटा ठेवल्या, विटा काढल्या, भिंतीपासून पुढे ओढले, मागे ढकलले. घरातल्यांना वाटायचं हिला खूळ लागलं आहे. आणि मला माहीत होतं बिघाड कुठे आहे. रोग्याच्या पायाला गँगरीन झालेलं दिसत असताना मी त्याचं डोकं दाबत बसले होते. दवाखान्यात असं कोणी केलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

यंदा थोडी ऐपत होती, आणि एकच वस्तू घ्यायची असं ठरलं होतं. म्हणून मी नवऱ्यासोबत चंद्रपूरला एका मोठ्या दुकानात गेले. आत शिरल्यापासून दुकानदार माझ्याशी एक शब्द बोलला नाही. "सर, रूम किती मोठी आहे? सर, कोणते गाणे ऐकता?" नवरा प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघे, मी उत्तर देई, आणि तो माणूस पुढचा प्रश्न पुन्हा नवऱ्यालाच विचारी. मी दात-ओठ खात उभी. शेवटी त्यानं विचारलं, "सर, बॉक्स कोणते आहेत?"

नवरा हसला. त्याचं ते हसू मला चौदा वर्षांपासून माहीत आहे. म्हणाला, "हिच्या भावानं बनवले. सागवानाचे."

"सागवान?" दुकानदार म्हणाला. "अरे सर, सागवानावर झोपाचं राहते, त्याच्यातून गाणे थोडी ऐकाचे राहते!"

काउंटरमागची दोन माणसंही हसली. माझं डोकं असं फिरलं की बस. तो शंभर टक्के खरं बोलत होता, तेच खरं जे मी चौदा वर्षं गिळत होते, आणि ते याच्या तोंडून ऐकायला मी तयार नव्हते. कोण लागून गेला हा? यानं कधी नाक्यावर अर्धा दिवस घालवला आहे? मी म्हटलं, "बॉक्सले काई नाई झालं. बॉक्स एक नंबर आहे. तो वरचा ॲम्प्लिफायर काढा. हो, तोच, मोठा." नवरा म्हणाला, "अवं, थोडा इचार तर कर." मी म्हटलं, "केला." यंदाची एक वस्तू अशी गेली. रागाच्या भरात.

घरी आणून लावला. नवा ॲम्प्लिफायर खरंच चांगला होता, हेच तर वाईट झालं. त्यानं काही लपवलं नाही. घुम्म तर होतंच. डाव्या बॉक्सच्या वरच्या सांध्याला गेल्या उन्हाळ्यात बारीक भेग पडली होती, ती आता प्रत्येक ठोक्याला भुणभुण करू लागली. मी गाणं बदललं, दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळ्यांत तेच. मला भावाचा राग आला. कधी नव्हे तो आला. एवढा तीन महिने खपलास, एक दिवस कोणाला विचारलं असतंस तर? दिवाणच दिला असतास तर निदान झोपता तरी आलं असतं. असलं मनात आलं म्हणून मग स्वतःचा राग आला, मग नवऱ्याचा, मग दुकानदाराचा. रविवारची सकाळ होती आणि दहाच वाजले होते.

तेवढ्यात भाऊ आला. खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं, शर्ट घामानं भिजलेला. सासूबाई अंगणात तूर वाळत घालत होत्या, त्यांना नमस्कार केला, पोतं टेकवलं, चप्पल काढली आणि सरळ समोरच्या खोलीत. नवं यंत्र बघून तोंडभर हसला.

"नवा आणला वाटते," म्हणाला. बॉक्सवर हात ठेवला. "आता कसा वाजते?"

"वाजत नाई," मी म्हटलं. "घुमते. हा बॉक्स घुमते, भाऊ. पहिल्या दिवसापासून घुमते."

माझ्या तोंडून ते असं फटकन गेलं की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. स्वयंपाकघराच्या दारात नवरा तसाच थबकला. अंगणातलं सासूबाईंचं सूप थांबलं. भाऊचा हात बॉक्सवरच होता.

"लाव," तो म्हणाला.

मी लावलं. तो उकिडवा बसला, बाजूच्या फळीवर तळहात टेकवला, मग मागच्या फळीवर, मग वरच्या सांध्यावर बोट फिरवलं. कान लावला नाही, हातानंच ऐकलं. गाणं अर्धं झाल्यावर म्हणाला, "फळी हालून राह्यली. बंद कर."

मी बंद केलं.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मंग मी दरवर्षी विचारतो, तं तू काय म्हणते?"

"मस्त."

"काऊन?"

उत्तर माझ्याजवळ तयारच होतं. सासरची माणसं बसली होती, तुझे तीन महिने, तो नाका, तुला वाईट वाटलं असतं. सगळं सांगितलं. आणि खरं सांगते, सांगताना मला वाटत होतं की आता त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, तो म्हणेल, वेडी आहेस, माझ्यासाठी एवढं सोसलं. मला शाबासकी पाहिजे होती.

भाऊ उठला. माझ्यावर तो जन्मात कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला.

"मी का लहान लेकरू आहो? वाईट वाटन म्हणे! सात घरी असेच बॉक्स बनवून देल्ले म्या. सात! माईत आहे का तुले? लोक विचारे, सागवान चालते का भाऊ बॉक्सले? मी म्हणो, माह्या बहिणीच्या घरी आहे, तिचा कान मशीन आहे, ते म्हणते मस्त. तुह्या एका शब्दावर देल्ले. सात झाले अन आठवा कोणी आलाच नाई. मले वाटे लोकायले सागवान महाग पडून राह्यलं. मी म्हणो, लोकायले मालच समजत नाई. इतके वर्ष मी लोकायले शिव्या देऊन राह्यलो, बाई!"

मी म्हटलं, "मले काय माईत तू दुसऱ्यायले..."

"तुले माईत नाई, कारण तू कधी विचारलं नाई. एकडाव म्हणाचं होतं, भाऊ, घुमते. तेव्हाच्या तेव्हा खोलला असता. दुसरा केला असता, तिसरा केला असता. शिकलो असतो न मी! डेपोत पाहून पाहून शिकणारा माणूस मी, तुह्याकडून नसतो शिकलो?"

चौदा वर्षं मी सगळ्यांवर चिडत होते की माझ्या भावाला कोणी मान देत नाही. नाक्यावरच्या गार्डानं त्याला चोर ठरवलं, दुकानदार हसला, नवरा हसला. पण कारागिराला खरं न सांगणं हा त्याचा सगळ्यात मोठा अपमान, आणि तो मी केला होता. त्याला जपण्यासाठी केला असंही नाही. सासरी माझी मान खाली जाऊ नये म्हणून केला. लाज वाटली मला, इतकी की नवऱ्याकडे बघवेना. तो बिचारा त्या दिवशी हसला नाही.

भाऊनं चहा घेतला नाही. पाणी प्यायला आणि म्हणाला, "पुढं कोणती वस्तू घेणार आहे तू?"

मी म्हटलं, "यंदाची झाली. आता पुढच्या वर्षी. बॉक्स घ्याचे आहेत. दुकानातले."

"घे. भुशाचाच जोड घे. पण ऐकाले नाई, पहिले मले आणून दे. खोलून पाहाचा आहे, आत काय भरते लोक." मग चप्पल घालता घालता म्हणाला, "अन येत्या रविवारी गावाले ये. सातही घरी जाऊ. तू सांगाचं. माह्या तोंडानं मी नाई सांगत."

मी गेले. पहिल्या एसटीनं निघाले, पोंभुर्ण्याला भाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. वाटेत तो धान किती झालं आणि रानडुकरांनी किती नासवलं एवढंच बोलला. पहिलं घर गावाच्या कडेला होतं, एका साठीतल्या बाईचं. समोरच्या खोलीत भाऊचे बॉक्स. बघताच मला ओळखू आले, तीच उंची, तेच तेल पाजलेलं लाकूड. एका बॉक्सवर टीव्ही ठेवला होता, दुसऱ्यावर गोधड्यांची चळत. मागची वायर गुंडाळून खिळ्याला अडकवलेली.

बाईनं पाणी दिलं. भाऊनं विचारलं, "बाई, बॉक्स कसा वाजते?"

"मस्त वाजते न भाऊ!" ती म्हणाली. "आमच्या घरी सगळ्यायले आवडते."

तो सूर मी ओळखला. तोच गोड, घाईचा, पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून वर चढवलेला. चौदा वर्षं मी तो स्वयंपाकघरातून काढत होते, आणि बाहेरून ऐकताना तो इतका खोटा लागतो हे मला त्या दिवशी कळलं. भाऊनं बाईकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "बाई, माह्या घरी असाच जोड आहे. तो घुमते. मी भाऊले मस्त म्हणून सांगतलं, म्हणून तो तुमच्या घरी आला. तुम्ही खरं सांगा. माह्यासारखं नका करू."

बाई एकदा माझ्याकडे, एकदा भाऊकडे बघत राहिली. मग पदर सावरला. "घुमते," म्हणाली. "एका पोळ्याले लावला, तेव्हापासून बंदच आहे. भाऊ इतक्या आवडीनं घेऊन आला होता, त्याले कसं सांगाचं?"

भाऊ उठला, गोधड्या उचलून खाटेवर ठेवल्या, खिळ्याची वायर सोडवली आणि जोडली. बाईनं मोबाइलवरून एक गाणं लावलं. घुम्म. मी लगेच पुढे झाले, नेहमीसारखा कान दिला, म्हटलं, "भाऊ, पाहा, मागून..."

"तू राहू दे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. बाईकडे वळून त्यानं विचारलं, "तुमी सांगा बाई. कुठून घुमते?"

बाई बॉक्सजवळ बसली आणि बिचकत बिचकत एकेका फळीवर बोट ठेवून सांगू लागली. भाऊ खाली मान घालून ऐकत होता, तिनं दाखवलेल्या जागी पेन्सिलीची खूण करत होता. मी बाहेर ओसरीवर जाऊन बसले. अजून सहा घरं बाकी होती.